डिजिटल निगेटिव्हसाठी प्रिंटर ड्रायव्हरचा शार्पनेस कसा तपासायचा

डिजिटल निगेटिव्ह म्हणजे प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह; ती प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचं कोटिंग दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात किंवा यूव्ही (अतिनील) प्रकाशात धरली की सायनोटाइप, म्हणजे निळा फोटो, तयार होतो. पावसाळ्यात गच्चीवरचं ऊन गेलं म्हणून मी यूव्ही ट्यूबचा डबा बनवला आणि त्यातला पहिलाच सायनोटाइप मऊ, म्हणजे धूसर, आला. आजीच्या इरकली नऊवारीचा रुईफुली काठ, मे महिन्यातल्या प्रिंटमध्ये त्यातलं फूल न फूल सुटं दिसत होतं आणि इथे नुसती निळी पट्टी. मी सरळ ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खापर फोडलं, चार दिवस सेटिंग बदलत बसलो, महागाची फिल्म वाया घालवली आणि शेवटी कळलं की फिल्म फ्रेममध्ये उलटी ठेवत होतो, शाईची बाजू वर काचेकडे. फाइल आडवी फ्लिप करायची विसरायचो, मग चित्र सुलट यावं म्हणून फिल्मच उलटायची सवय लागलेली.

उन्हात हे खपून गेलं कारण सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो, किरण जवळपास समांतर येतात, त्यामुळे शाई आणि कागद यांच्यामध्ये फिल्मची जाडी आली तरी सावली फारशी पसरत नाही. ट्यूबच्या डब्यात प्रकाश चारी बाजूंनी येतो, तिथे तेवढी जाडीसुद्धा धार खाऊन टाकते. म्हणून ड्रायव्हर तपासायच्या आधी हे बघा: फाइल फ्लिप केलेली, शाई कोटिंगला चिकटून, फ्रेमचा दाब सगळीकडे सारखा. आणि फिल्म पूर्ण वाळलेली हवी, पावसाळी हवेत शाई तासन् तास ओलसर राहते आणि कागदाला लागते.

आता टेस्ट फाइल. फोटोवरून तुलना करू नका, फोटोत डोळा फसतो. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये एक, दोन आणि तीन पिक्सेल जाडीच्या रेषांचे गट बनवा, मधली रिकामी जागा रेषेएवढीच, आडवे, उभे आणि तिरके असे तिन्ही. शेजारी अगदी बारीक टायपात ‘क्ष’, ‘ज्ञ’ अशी जोडाक्षरं, एक पूर्ण काळा चौकोन, थोडे राखाडी चौकोन आणि शेवटी आवडत्या फोटोचा एक तुकडा. हीच फाइल ३००, ३६० आणि ७२० पीपीआयला (एका इंचात किती पिक्सेल) वेगवेगळी बनवा, एकीवरून दुसरी रिसॅम्पल करून नाही, नाहीतर टेस्ट सुरू व्हायच्या आधीच बिघडली.

तीन का, तर एप्सनचे ड्रायव्हर साधारण ३६० किंवा ७२० च्या हिशोबाने चालतात आणि कॅननचे ३०० किंवा ६०० च्या. एप्सनला ३०० ची फाइल दिली की ड्रायव्हर ती स्वतःच ताणतो, आणि एक पिक्सेलच्या रेषांमध्ये थोड्या थोड्या अंतराने एखादी रेष जाड किंवा पुसट होते, भिंगातून पट्टे पट्टे दिसतात. हा दोष एकदा बघितला की नंतर लगेच ओळखता येतो. तसंच बॉर्डरलेस बंद ठेवा, कारण त्यात ड्रायव्हर चित्र गुपचूप थोडं मोठं करतो, आणि ‘फिट टू पेज’ही बंद, स्केल बरोब्बर १०० टक्के.

प्रिंट काढताना एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. आधी नोझल चेक आणि हेड अलाइनमेंट. मग पेपर टाइप ग्लॉसी फोटो पेपर, क्वालिटी सगळ्यात वरची, आणि पहिली तुलना ‘हाय स्पीड’ चालू विरुद्ध बंद. चालू असताना हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापतो, दोन्ही फेऱ्या जराशा चुकल्या की कागद सरकतो त्या दिशेच्या रेषा दातेरी होतात. पट्टे हेडच्या फेरीच्या दिशेने दिसले तर मात्र गडबड कागद सरकण्यात किंवा नोझलमध्ये आहे, ती आधी निस्तरा. दुसरी तुलना ‘फायनेस्ट डिटेल’ची (ड्रायव्हरला ७२० च्या हिशोबाने चालवणारं सेटिंग), तुमच्या ड्रायव्हरमध्ये असेल तर, ७२० च्या फाइलवर. तिसरी, रंगीत मोड विरुद्ध फक्त काळी शाई. प्रत्येक तुकड्याच्या कडेला ओएचपी मार्करने सेटिंग लिहा, अर्ध्या तासाने काही आठवत नाही.

खरी गोम पुढे आहे. पेपर टाइप किंवा मोड बदलला की शाईचं प्रमाणही बदलतं आणि शाई कमी पडली तर रेषेतून यूव्ही झिरपतं, प्रिंटमध्ये जी रेष पांढरी यायला हवी ती निळसर होते आणि आपण म्हणतो ड्रायव्हर मऊ आहे! उलट शाई जास्त झाली तर ती फिल्मवर पसरून रेष जाड होते. म्हणून आधी एक्स्पोजर ठरवा: कोऱ्या फिल्ममधून पूर्ण गडद निळा यायला लागणारा कमीत कमी वेळ, तो सगळ्यांना सारखाच. मग त्या वेळेत प्रत्येक सेटिंगचा काळा चौकोन कागदाचा पांढरा जेमतेम देतो का ते बघा, नसेल तर इंक डेन्सिटी किंवा फाइलमधला काळा कमी-जास्त करून जुळवा. हे जुळल्याशिवाय शार्पनेसची तुलना करण्यात अर्थ नाही. कंटाळवाणं आहे, माझी एक अख्खी दुपार गेली.

मग भिंग घ्या, दहापट चालेल, आणि फिल्म बघून झाली की प्रिंटही बघा. ३६० पीपीआयला एक पिक्सेल ०.०७ मिलीमीटर, ७२० ला त्याच्या निम्मा. हातात धरून बघताना नुसत्या डोळ्याची मजल साधारण ३६० पर्यंतच जाते, त्यात खरखरीत हातकागद असेल तर ७२० ची सगळी मेहनत कागदाच्या तंतूंतच जिरते. माझ्याकडे हातकागदावर ३६० आणि ७२० मला ओळखता आले नाहीत, गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर ‘क्ष’ची गाठ ७२० मध्ये उघडी राहिली आणि ३६० मध्ये बुजली.

फक्त काळ्या शाईच्या प्रिंटबद्दल सावध राहा. फिल्मवर विरळ पडलेले काळे ठिपके प्रिंटच्या सावल्यांमध्ये पांढरे रवे होऊन दिसतात, पहिल्या नजरेला तो कडकपणा शार्पनेस वाटतो पण फोटोच्या तुकड्यात केस बघा, केस नाहीत, नुसता रवा आहे. रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप (कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी चालणारं प्रिंटिंग सॉफ्टवेअर) वापरलं तर कुठली शाई किती ते स्वतः ठरवता येतं आणि डिथर, म्हणजे शाईचे ठिपके मांडायची पद्धतही बदलता येते, पण ते मुख्यतः एप्सनसाठी आहे आणि आपलं मॉडेल त्यात आहे का ते आधी बघून घ्या. माझ्या मते कंपनीचा ड्रायव्हर नीट लावून झाल्यावरच तिकडे वळा.

मी सध्या ३६० ची फाइल, हाय स्पीड बंद, रंगीत मोड यावर थांबलोय, ७२० फक्त पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटसाठी. रुईफुलं परत सुटी झाली, फक्त पदराच्या एका घडीत अजून बुजतात, पण मूळ फोटो स्कॅन करतानाच तिथे फोकस गेलेला आहे.