गुऱ्हाळाचं वर्णन शेवटी जमलं ते असं (माझा अनुभव)

कथेत कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ होतं आणि तो पॅरा काही केल्या जिवंत होईना, धूर, वास, उकळता रस सगळं होतं पण वाचणारे सरळ पुढच्या संवादावर उडी मारायचे. मग एकच प्रश्न धरला, हे बघतंय कोण आणि त्याला आत्ता काय हवंय? पोरगा फीचे पैसे मागायला आलाय, बाप गुळव्या, म्हणजे गूळ करणारा. मग पोराला अख्खं गुऱ्हाळ दिसणारच नाही ना, त्याची नजर रस उकळतो त्या काहिलीवरच, कारण गूळ उतरेपर्यंत बाप मान वर करणार नाही!

तिथून भराभर सुचत गेलं. बाप भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढतोय, चुलवाणात चिपाडं सारली जातायत, मग पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळते का ते बोटांनी बघतोय आणि पोरगा त्या बोटांकडे बघत ताटकळलाय. 'मनमोहक', 'घमघमाट' वगैरे सगळं उडवलं, नुसती क्रियापदं ठेवली. वास एकदाच, पोरगा आत शिरताना, कारण नाक वासाला लगेच सरावतं आणि नंतर तो कुणालाच जाणवत नाही. चुलवाण म्हणजे काय हेही समजावलं नाही, चिपाडं आत गेली की कळतंच.

सगळ्यात जास्त फरक पडला तो सलग पॅरा फोडल्याने. आता संवादांच्या मधे एकेक वाक्य येतं, पोरगा विचारतो, बाप ढवळतो, उत्तर नाही. परवा मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती मधेच म्हणाली, अरे दे की त्याला पैसे!