घरचा मोठा रॉक टंबलर: या चुका टाळा

तांब्याएवढा टंबलर (गोटे, पाणी आणि घासणारी पावडर ड्रममध्ये फिरवून, जाड पावडरीपासून पॉलिशपर्यंत चार टप्प्यांत गोटे घोटणारं यंत्र) नीट चालला की पुढची हौस येतेच: एकदम तीस किलो गोटे घोटणारा ड्रम. पाइप मिळतो, जुनी मोटर घरात पडलेली असते, वेल्डर गावातच असतो. ड्रम उभा राहतो, पडवीत महिनाभर खडखडतो आणि शेवटी बाहेर येतात टवके उडालेले, निस्तेज गोटे. अशा वेळी शिव्या पावडरीला बसतात. खरं तर लहान यंत्राची मापं तशीच मोठ्याला लावलेली असतात.

खालचे आकडे एका ठरावीक ड्रमचे आहेत: ३१५ मिमी बाह्य व्यासाचा पीव्हीसी पाइप, लांबी ४० सेमी, आतला व्यास साधारण ३० सेमी. आतली जागा २८ लिटर. ती दोन तृतीयांश भरली की ३० किलोच्या आसपास दगड बसतात, वर सात-आठ लिटर पाणी. ड्रमसकट वजन ४५ किलोच्या घरात जातं, म्हणजे उचलायला दोन माणसं हवीत. २०० लिटरच्या पिंपाचा मोह होत असेल तर एवढंच बघा, की तेवढ्याच प्रमाणात भरलं तर त्यात दोनशे किलोंवर नुसते दगड होतात. ते घरच्या चौकटीचं आणि घरच्या मोटरचं काम नाही.

वेग: सगळ्यात महाग चूक

ड्रम फिरताना दगड एका बाजूने वर चढले पाहिजेत आणि वरच्या थरातून एकमेकांवरून घसरत खाली आले पाहिजेत. घोटण्याचं काम या घसरण्यात होतं. वेग वाढला की दगड घसरायचे सोडून उडतात आणि खालच्यांवर आदळतात. आणखी वाढला की भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतात.

भिंतीला चिकटण्याचा वेग काढता येतो. आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्याने भागा. ३० सेमीच्या ड्रमला उत्तर येतं मिनिटाला ७७ फेरे. आपल्याला याच्या ४० ते ४५ टक्के हवेत, म्हणजे ३१ ते ३५ फेरे. साडेचार इंची लहान ड्रमचा हाच आकडा १२५ आहे, म्हणून तो ५० फेऱ्यांवर मजेत चालतो. तेच ५० फेरे मोठ्या ड्रमला दिले की गोट्यांचा चुरा व्हायला लागतो.

जोडणी अशी: १४४० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ३ इंची पुली, चालत्या शाफ्टवर १५ इंची पुली, ए सेक्शनचा व्ही-बेल्ट. शाफ्टला २८८ फेरे मिळतात. शाफ्ट २५ मिमीचा, त्यावर रबरी पाइप चढवून बाहेरचा व्यास ३८ मिमी; हाच ड्रमखालचा चालता रोलर. तो ३१५ मिमीचा ड्रम साधारण ३५ फेऱ्यांनी फिरवतो. भाराखाली थोडे कमी होतात, ते चालतं.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. एक, मोठी पुली मिळाली नाही म्हणून मोटरवर २ इंची लावतात. ए सेक्शनचा पट्टा एवढ्या लहान पुलीवर वाकताना तापतो, घसरतो आणि त्याला लवकर चिरा पडतात. दुसरा घोळ लक्षातच येत नाही. पकड चांगली मिळावी म्हणून रोलरवर जाड रबर चढवलं जातं आणि ३८ मिमीचा रोलर ५० मिमीचा होतो. पुल्या त्याच, मोटर तीच, पण ड्रम आता ४५ फेऱ्यांवर गेलेला असतो. रबर बदललं की ड्रमवर खडूची रेघ मारून मिनिटभर फेरे मोजा.

कानालाही कळतं. गोट्यांच्या किनाऱ्यावरून लाट मागे सरते तेव्हा जी सलग सरसर होते, तसा आवाज हवा. त्यात वेगळी ठकठक ऐकू आली तर दगड उडताहेत. डोळ्यांनी खात्री करायची असेल तर एक पांढरी गारगोटी काढा, धुऊन पुसा आणि उजेडात तिरकी धरा. पृष्ठभागाखाली नखाच्या मुळाशी असते तशी बारीक चंद्रकोर दिसली, तर तो आदळल्याचा शिक्का. पुढच्या बारीक पावडरीने ती जात नाही, उलट जास्त उठून दिसते. असे दगड पहिल्या टप्प्यात परत पाठवा.

याच्या उलट तक्रारही येते. ड्रम फिरतो, आवाज जवळजवळ नाही, आठवड्याने बघितलं तर दगड जसेच्या तसे, फार तर एका बाजूने सपाट. आतून गुळगुळीत गोल पाइप असला की सगळा भार एका गठ्ठ्यासारखा तळाशी घसरत राहतो, उलटापालट होतच नाही. आत १२ ते १५ मिमी उंचीच्या तीन रबरी पट्ट्या समान अंतरावर लावा, किंवा आतलं अस्तर अष्टकोनी करा. अस्तर तसंही हवंच. ५-६ मिमी जाडीचं रबर किंवा ट्रकच्या ट्यूबचे दोन थर लावल्याने टवके कमी उडतात, पीव्हीसी झिजत नाही आणि शेजारी रात्री झोपू शकतात.

चौकट आणि रोलर

दोन रोलरच्या मध्यांतलं अंतर १८० ते २०० मिमी ठेवा. जवळ घेतले तर ड्रम डुलतो आणि उडी मारतो, फार लांब ठेवले तर तो मध्ये पाचरीसारखा रुततो आणि मोटरवर ताण येतो.

ड्रम सारखा एका टोकाला सरकत असेल तर रोलर समांतर नाहीत किंवा चौकट पातळीत नाही. चारही बेअरिंगच्या मध्यांतून दोन्ही कर्ण दोरीने मोजा, फरक एक-दोन मिमीपेक्षा जास्त नको. तरीही ड्रम थोडा सरकतोच, म्हणून दोन्ही टोकांना जुनं बेअरिंग आडवं बसवून त्याला टेकू द्या. नुसता लोखंडी तुकडा लावला तर तो झाकण कापतो. फणसाच्या फळ्या घरात आहेत म्हणून लाकडी चौकट करू नका. मृगात बेतलेली चौकट श्रावणापर्यंत फुगून तिरकी झालेली असते.

२५ मिमी शाफ्टला यूसीपी २०५ बेअरिंग चालतात. किनाऱ्यावर त्यांना दोन वैरी: खारा वारा आणि ड्रममधून ठिबकणारा चिखल. ड्रमची तोंडं बेअरिंगच्या डोक्यावर येणार नाहीत एवढे शाफ्ट लांब ठेवा आणि मध्ये जुन्या ट्यूबची झालर लावा. ग्रीस निपलमधून ताजं ग्रीस इतकंच भरा, की कडेने थोडं बाहेर येईल. चौकटीला आधी रेड ऑक्साइड, मग रंग. झाकणाचे बोल्ट स्टेनलेसचेच घ्या, साधे एका पावसाळ्यात गंजून अडकतात.

मोटर आणि वीज

जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावू नका. ती थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेली असते, इथे ती आठवडाभर अखंड चालायची आहे. फिरवायला पाव अश्वशक्ती पुरते, पण भरलेला ड्रम जागचा हलवायला अर्धी घेतलेली बरी. प्लेटवर सतत चालवण्याचा शिक्का, म्हणजे एस१, आहे का बघा. भाराखाली २५० वॅट धरले तर दिवसाला ६ युनिट जातात. चारही टप्प्यांचा महिना १८० युनिटच्या आसपास पडतो, हे बिल येण्याआधी घरात सांगून ठेवा.

कोकणात खरी अडचण पावसाळी रात्रींची. वीज जाते, दगड तळाशी दबून बसतात आणि पहाटे कमी दाबाने वीज परत येते. मोटर हुंकारते, फिरत नाही, वाइंडिंग जळतं. त्यामुळे साध्या बटणाऐवजी ओव्हरलोड आणि नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर घ्या. वीज गेली की तो सुटतो आणि माणसाने दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. सुरू करण्यापूर्वी ड्रमला हाताने दोन फेरे द्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यांना पर्याय नाही, कारण खाली सतत ओल असते. जांभ्याच्या कातळावर मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. त्यात कोळसा-मीठ भरलेलं असलं तरी पाणी घालत राहावं लागतं.

कोणते दगड, किती भरायचे

जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा ड्रममध्ये टाकणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे ड्रमभर तांबडा चिखल मिळवण्याचा. जांभा सच्छिद्र असतो, झिजत जातो आणि त्याला चमक येत नाही. काळवत्री, म्हणजे काळा बेसाल्ट, जरा बरी, पण तिच्यातल्या बारीक पोकळ्यांत जाड पावडर अडकून पुढच्या टप्प्यात जाते. घट्ट कणांचे, बिनछिद्राचेच तुकडे घ्या, आणि त्यांनाही आरशासारखी नव्हे, मंद झिलई येईल असं धरून चाला. चांगलं पॉलिश घेतात ते गारगोटी, अकीक आणि जास्पर. मालवण-वेंगुर्ल्याकडे बेसाल्टच्या खालचे जुने खडक वर आलेले आहेत, त्यामुळे ओढ्यांत गारगोट्या भरपूर सापडतात. पिशवीभर वेचणं वेगळं. टेम्पो भरून आणणं गौण खनिजात मोडतं आणि त्याला महसूल खात्याची परवानगी लागते.

एका वेळी एकाच कठीणपणाचे दगड घ्या. पोलादी सुरीने ओरखडा उठतो तो बाजूला ठेवा, गारगोटीवर उठत नाही. कॅल्साइट आणि झिओलाइटचे सुंदर पांढरे खडे गारगोट्यांबरोबर टाकले तर आठ दिवसांत त्यांचं पीठ होतं.

भरण अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पहिल्या टप्प्यात दगडांचं बरंच वजन झिजून जातं, भरण खाली बसतं, दगडांना पडायला जागा मिळते आणि आतापर्यंत ठीक असलेल्या ड्रममध्ये अचानक टवके उडू लागतात. अशा वेळी दगडांची भर घाला. सगळे दगड एकाच मापाचेही नकोत. मोठ्या गोट्यांच्या फटीत पावडर पोचवायला बोटाच्या पेराएवढे बारीक खडे एक तृतीयांश तरी असावेत. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली असावं. जास्त झालं तर पावडर दगडांना न लागता पातळ पाण्यात नुसती फिरते.

समुद्राची वाळू घालून पावडरीचे पैसे वाचवण्याचा विचार बऱ्याच जणांना सुचतो. वाळूतली गारगोटी आणि ड्रममधली गारगोटी, दोन्हींचा कठीणपणा दहाच्या मोहस मापावर ७. शिवाय लाटांनी वाळूच्या कण्यांच्या धारा केव्हाच मारलेल्या असतात. इथे सिलिकॉन कार्बाइडच हवं, बाजारात ते कार्बोरंडम पावडर म्हणून मिळतं. कठीणपणा ९ च्या वर, आणि कणी फुटली की नवी धार निघते. किलोला ५० ग्रॅम, म्हणजे ३० किलोला दीड किलो. आधी ६० किंवा ८० नंबर, मग २२०, मग ५००. साधारण आठवड्यात जाड पावडर मरते, बोटांत चोळली की खरखर लागत नाही. दगड अजून ओबडधोबड असतील तर धुऊन पुन्हा दीड किलो घाला. पहिला टप्पा कॅलेंडर बघून संपवायचा नसतो. कोपरे गेले, खड्डे गेले की संपतो, मग तीन आठवडे लागोत.

धुणं

पॉलिशच्या टप्प्यात ६० नंबरची चिमूटभर पावडर राहिली तर चार आठवड्यांची मेहनत ओरखड्यांत जाते. ती लपते कुठे? झाकणाच्या गॅस्केटखाली, अस्तराच्या सांध्यात, रबराच्या चिरेत आणि दगडांच्या भेगांत. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर भेग असलेला दगड काढून टाका, कितीही देखणा असला तरी. ड्रम, झाकण, बादल्या, चाळण्या ब्रशने घासा. मग दगड परत भरा, पाणी आणि थोडी धुण्याची पावडर घाला, तासभर फिरवा आणि पुन्हा धुवा. शेवटचं पाणी पांढऱ्या थाळीत घेऊन दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी करडी रेघ दिसली तर अजून एकदा.

पॉलिशसाठी अस्तर वेगळं नव्हे, ड्रमच वेगळा ठेवा, आणि तो लहान असला तर उत्तम. सिरियम ऑक्साइड ही पॉलिशची पावडर महाग आहे आणि किलो दगडाला २५-३० ग्रॅम लागतं, त्यामुळे निवडून घेतलेले सात-आठ किलोच त्यात घाला. सोबत प्लास्टिकचे दाणे उशीसारखे टाका. यंत्रं नव्हती तेव्हा खंबातचे कारागीर अकीकाचे मणी पावडरीसह कातडी पिशवीत भरून ती दोघांमध्ये मागेपुढे लोळवत. त्यात आदळणं नव्हतं, नुसतं घासणं होतं. शेवटच्या टप्प्यात तेच साधायचं असतं. याच टप्प्यात रात्रभर वीज गेली तर लेप दगडांवर पापुद्र्यासारखा सुकतो. तसाच पुन्हा सुरू करू नका, धुऊन नवी पावडर घाला.

आणि ओल्या दगडावर विश्वास ठेवू नका. ओला असताना कच्चा दगडही चमकतो. कोरडा करून बल्बखाली धरा. बल्बची कड त्यात स्पष्ट उमटली पाहिजे, नुसता पांढरा धूसर ठिपका दिसला तर ५०० वर परत जा.

झाकण फुगतं तेव्हा

बंद ड्रममध्ये वायू साठतो. लेप दाट व्हावा म्हणून कुणी साखर-काकवी घातली आणि ती उन्हाळ्यात आंबली, की दाब वाढतो. ॲल्युमिनियमचं झाकण आणि आत खायचा सोडा ही जोडी तर हायड्रोजन तयार करते, म्हणून झाकण पीव्हीसीचं किंवा स्टेनलेसचं हवं. पहिले काही दिवस रोज मोटर बंद करून बोल्ट सैल करा, फुस्स झालं की पुन्हा आवळा. तोंड झाकणावर वाकवू नका आणि जवळ विडी-सिगारेट नको. परत आवळण्याआधी गॅस्केटची कड ओल्या फडक्याने पुसा. गळतीचं कारण बहुतेक वेळा तिथे अडकलेली पावडरीची कणीच असते.

गाळ

ड्रममधला करडा गाळ मोरीत ओतला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो आणि फोडूनच काढावा लागतो. वाडीच्या पाटात किंवा विहिरीच्या अंगाला तर नकोच. जुन्या बादलीत दोन दिवस ठेवा, वरचं निवळ पाणी पुढच्या धुण्याला वापरा. खालचा लगदा विहिरीपासून लांब, उतारावर नसलेल्या खड्ड्यात टाका आणि तो ओला असतानाच मातीने झाका. सुकला की त्याची धूळ उडते आणि गारगोटीची ती धूळ फुप्फुसात साठते. म्हणून पडवीत सांडलेला गाळ वाळल्यावर झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडा, मग पुसून घ्या.