हार्ड डिस्क रखडतेय, पण स्क्रूड्रायव्हर जरा बाजूला ठेवा

सगळ्यात आधी हाताशी हवी ती दुसरी डिस्क. महत्त्वाचा डेटा मावेल एवढी, यूएसबीने जोडता येणारी आणि धडधाकट. ती नसेल तर तपासणीचा बेत पुढे ढकललेला बरा. कारण डिस्क नुसती सुस्तावली आहे की शेवटच्या घटका मोजते आहे, हे खुर्चीत बसून कळत नाही. दोन्ही वेळा फोल्डर उघडायला वेळ लागतो, प्रोग्राम ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणतात आणि कॅबिनेटवरचा दिवा विझायचं नाव घेत नाही. खराब सेक्टर (डेटा साठवायचा डिस्कवरचा छोटा तुकडा) लागला की डेस्कटॉपसाठीची साधी डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, कधी कधी कित्येक सेकंद, आणि तोवर विंडोज ताटकळत उभं राहतं.

म्हणून बॅकअप होईपर्यंत डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल सलग लावणं) नको आणि विंडोजच्या चेक डिस्कचा सगळे सेक्टर तपासणारा लांबलचक फेराही नको. मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास पळवणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य आपणच संपवणं. फोटो, कागदपत्रं, हिशेब असं पुन्हा मिळणार नाही ते आधी उतरवा, सिनेमे आणि गेम मागाहून. एखाद्या फाइलपाशी कॉपी अडली तर ती सोडून पुढे चला. आतून ठरावीक लयीत टकटक आवाज येत असेल तर मात्र कॉपीचाही नाद सोडा आणि वीज बंद करा. त्यापुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

बॅकअप झाला की वही घ्या. मी खरोखरच कागदावर लिहितो, कारण तपासणीत पीसी चार वेळा बंद होणार असतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं एखादं फुकट साधन चालवून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे उतरवा. त्या लांब यादीतले चारच खरे कामाचे: ५, १९७, १९८ आणि १९९ (काही साधनं हेच ०५, सी५, सी६, सी७ असे दाखवतात). पहिला सांगतो किती सेक्टर बाद होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर आले, दुसरा किती सेक्टर संशयित आहेत, तिसरा किती मुळीच वाचता आले नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे कच्चे आकडे मुळात हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या मोजणीत) दाखवतो. सेटिंगमध्ये ते दशमानात बदला, नाहीतर १० दिसेल तिथे खरे १६ असतील. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल आणि दिवसागणिक चढत असेल, तर बाकीची यादी वाचूच नका, नवी डिस्क घ्या. उलट क्रमांक १ चा म्हणजे रीड एरर रेटचा कच्चा आकडा काही कंपन्यांच्या चांगल्या डिस्कवरही अवाढव्य दिसतो, त्याने घाबरू नका.

चौथा, १९९, घरी पीसी जोडणाऱ्याने जपून वाचावा असा. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की तो वाढतो. म्हणजे संशय डिस्कवर कमी आणि त्या दोघांना जोडणाऱ्या साटा केबलवर जास्त. हा आकडा परत शून्यावर येत नाही, त्यामुळे आज ४० दिसला म्हणून काही सिद्ध होत नाही. आज ४० आणि केबल बदलल्यावर आठवड्याने ४०च, तर चोर सापडला. माझ्या एका पीसीत मीच केबल नीट दिसावी म्हणून काटकोनात दुमडून बाजूच्या पत्र्यामागे दाबली होती. दोन महिने मी विंडोजला शिव्या घालत होतो.

वहीत आता वेगाचे आकडेही हवेत, नाहीतर सुधारणा झाली की नुसता भास, हे कळणार नाही. पण अपेक्षा नीट ठेवा. ७२०० आरपीएमच्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद. डोकं योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ८-९ मिलिसेकंद धरा. हिशेब केला तर सेकंदाला कशीबशी ७५-८० कामं. प्रत्येक काम ४ केबीचं असेल तर वेग निघतो सेकंदाला ३०० केबीच्या आसपास. तीच डिस्क मोठी सलग फाइल मात्र सेकंदाला १५० ते २०० एमबीने वाचू शकते. दोन्ही आकडे निरोगी डिस्कचेच. शिवाय तबकडीच्या आतल्या बाजूला सलग वाचनाचा वेग साधारण निम्म्यावर येतो, म्हणून भरत आलेली डिस्क मंद वाटली तर त्यात नवल नाही. साटाच्या खोक्यावरचे ६ गिगाबिट ही रस्त्याची रुंदी आहे, गाडीचा वेग नाही.

लिहिताना सुरुवातीला सुसाट आणि काही जीबींनंतर गोगलगाय, असं होत असेल तर मॉडेल नंबर टिपून डिस्क एसएमआर आहे का ते बघा. या तंत्रात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. २०२० साली उघड झालं की मोठ्या उत्पादकांनी काही मॉडेलांत हे न सांगताच वापरलं होतं. त्यावर इलाज नाही, फक्त उपयोग बदलायचा: साठवणीला ठेवा, सिस्टीमला नको.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते का आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये नेमकी कोणती फाइल वाचली जाते, हेही नोंदवा. पेजफाइलचं (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं त्या फाइलचं) नाव सतत वर असेल तर डिस्क बिचारी रॅमची हमाली करते आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७, १२९ किंवा १५३ या क्रमांकाच्या नोंदी शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १२९ म्हणजे वाट पाहून कंटाळून डिस्क रीसेट केली, १५३ म्हणजे काम पुन्हा करून पाहावं लागलं.

आता कॅबिनेट. लागेल ते असं: फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, क्लिप असलेली चांगली साटा केबल, टॉर्च आणि मदरबोर्डचं मॅन्युअल. आतल्या जोडणीचा फोटो काढा, एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. आणि एका वेळी एकच बदल. आधी केबल, मग पोर्ट, मग वीज. तिन्ही एकदम बदललं तर डिस्क सुधारेल, पण कशाने ते कळणार नाही. पोर्ट निवडताना मॅन्युअल उघडा, कारण काही बोर्डांवर एकदोन पोर्ट चिपसेटऐवजी (बोर्डच्या मुख्य चिपऐवजी) वेगळ्या छोट्या कंट्रोलरवर असतात. पीसी २०११ च्या सुरुवातीचा असेल तर आणखी एक शक्यता: इंटेलच्या ६ सिरीज चिपसेटच्या पहिल्या आवृत्तीत ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळाबरोबर बिघडू शकत होते, ६ गिगाबिटचे दोन सुरक्षित होते. विजेसाठी मोलेक्स-टू-साटा जोडणी (जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटाला वीज देणारी) लावली असेल तर ती काढून एसएमपीएसची थेट वायर वापरा. पीसी बंद न करताही स्मार्टमधला क्रमांक १२, म्हणजे पॉवर सायकलचा आकडा वाढत असेल, तर वीजच तुटते आहे.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) साटा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, निघाला तर लगेच एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचा, करू नका, विंडोज सुरूच होणार नाही अशी शक्यता असते. आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सोय लावा, मग बदला.

आणि सगळं निर्दोष निघालं, तर डिस्क बिघडलेली नाही, जात्याच मंद आहे. सिस्टीम एसएसडीवर न्यायची वेळ आली. एम.२ वाली (थेट मदरबोर्डवर बसणारी) घेणार असाल तर मॅन्युअलमध्ये पुन्हा बघा, ती बसवल्यावर एखादा साटा पोर्ट बंद पडतो का. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर इन्स्टॉलर बूटची फाइल गुपचूप जुन्या डिस्कवरच टाकतो, आणि सहा महिन्यांनी ती काढली की पीसी सुरूच होत नाही.