नॉर्दर्न पाइक घरी आणलाय? काट्यांचं टेन्शन नको

मिनेसोटा किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांना कोणीतरी फिशिंगवाला पाइक देतो आणि मग प्रश्न पडतो, याचं करायचं काय, कारण मासा चवीला मस्त, पांढरा, घट्ट, पण पाठीच्या बाजूला वाय आकाराचे काटे असतात ना, तिथेच सगळे वैतागतात.

कातडी बुळबुळीत असते म्हणून सरळ सोलूनच टाका. फिले (मधल्या काट्यापासून सोडवलेले मांसाचे लांब तुकडे) काढल्यावर बोटाने चाचपलं की काट्यांची रांग लागते, तिच्या दोन्ही बाजूंनी कापून ती पट्टीच काढायची, थोडं मांस वाया जातं, जाऊदे. नाहीतर जवळजवळ चिरा मारून कडक तेलात तळा, बारीक काटे कुरकुरीत होतात.

तळायला आपलं नेहमीचंच, हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, वरून रवा-तांदळाचं पीठ. आगळ नसेल तर लिंबू चालतं. पाइकमधे चरबी फार कमी, त्यामुळे जास्त वेळ ठेवला की कोरडा पडतो, मांस सुटायला लागलं की लगेच काढा. रस्सा करायचा तर नारळाचं दूध घालून, तुकडे एकदम शेवटी सोडायचे.

आणि तिकडची लोकं करतात ते व्हिनेगरमधलं पिकल, माझ्या मते बेस्ट, आठवडाभरात काटे मऊ होतात. पण हे कच्च्या माशाचं असतं, म्हणून आधी उणे २० सेल्सिअसला ७ दिवस फ्रीज करायचाच, पाइकमधे टेपवर्म (पोटात वाढणारे चपटे जंत) असू शकतात.