स्वतःची नेतृत्वशैली शोधताना या चुका टाळा

‘मी सगळ्यांना विचारूनच ठरवतो.’ आंब्याचा बागायतदार असो, बचत गटाची अध्यक्ष असो की ट्रॉलरचा तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, तुमची नेतृत्वशैली कोणती असं विचारलं की बहुतेक हेच वाक्य कानावर येतं. त्यांचीच माणसं टपरीवर चहा पिताना वेगळं काहीतरी सांगत असतात. दोन्हीकडचे लोक खोटं बोलत नसतात. घोळ असतो तो आठवणीत.

आठवणीवर शैली ठरवणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लाडकी चूक. हंगाम संपल्यावर निवांत बसून ‘मी कसा वागलो’ आठवायला गेलं, तर माणसाला आपला हेतू आठवतो, वागणं आठवत नाही.

देवगडकडच्या एका बागेतला प्रकार बघा. मालक रोज सकाळी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन निघालेल्या गड्यांना विचारायचा, ‘आज सड्यावरची कलमं घेऊया, काय?’ (सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार.) सगळे ‘होय’ म्हणायचे. मालकाच्या लेखी हे विचारणं झालं. त्या वर्षी सड्यावर मोहोर उशिरा आला होता. तिथलं फळ सोळापैकी बारा आणेच भरलं होतं, म्हणजे अजून कोवळं होतं, आणि खालच्या आगरातलं, म्हणजे सखल बागेतलं, चौदा आणे, उतरवण्याजोगं तयार होतं. फवारणी करणाऱ्या जुन्या गड्याला हे ठाऊक होतं, पण मालकाने प्रश्नातच उत्तर देऊन टाकलेलं. तो कशाला बोलतो? अढीत, म्हणजे पिकवायच्या राशीत, घातलेलं फळ रंगावर यायच्या ऐवजी सुरकुतलं, आणि मालकाने राग काढला तो गड्यांवर: ‘तुम्ही सांगायचं नाही?’

या मालकाला कुठलीही प्रश्नावली ‘लोकशाही शैली’ असंच प्रमाणपत्र देणार, कारण उत्तरं भरणारा तोच. त्याला पकडते ती साधी वही. शंभर पानी पुरते. रोज संध्याकाळी, जेवणाआधी, दहा मिनिटं बसा. दिवसातले दोन-तीन निर्णय लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी: आधी कोण बोललं, वेगळं मत कुणी मांडलं का, शेवटी कुणाचं चाललं. मग एक खूण करा. हुकूम दिला तर ‘ह’, खरंच विचारून ठरवलं तर ‘वि’, दुसऱ्यावर सोपवलं तर ‘सो’. आधी तुम्ही बोललात आणि वेगळं मत आलंच नाही, तर तो ‘ह’ धरायचा, वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी. तीस नोंदी होईपर्यंत मागची पानं उलटू नका. पाच दिवसांत ‘मला माझी शैली कळली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना कळलेला असतो तो त्या आठवड्याचा मूड.

आणखी एक पडताळा आहे. १९३९ साली कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या मुलांच्या छंदगटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हुकूमशाही पद्धतीने चालवलेल्या गटातला मोठा माणूस खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं, लोकशाही गटात ते बऱ्यापैकी चालू राहायचं. पॅकिंग शेडमधून न सांगता अर्धा तास बाहेर जा. परतल्यावर प्रतवारी कुठवर आली ते बघा आणि तेही वहीत टाका.

एकाच मोसमावरून स्वतःवर शिक्का मारणं

जाळं ओढताना वारा फिरला तर तांडेल मतदान घेत बसत नाही. तिथे हुकूमच हवा, खलाशांनाही तोच हवा असतो. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट किनाऱ्यावर येते, जाळी दुरुस्त होतात, पुढच्या मोसमाची माणसं आणि उचल, म्हणजे त्यांना द्यायची आगाऊ रक्कम, ठरते. तिथेही तोच आवाज लावणाऱ्या तांडेलाचे खलाशी ऑगस्टमध्ये शेजारच्या बोटीवर दिसतात. मग तो म्हणतो, माणसं बेइमान झाली.

म्हणून तीस नोंदींपैकी निम्म्या धावपळीच्या आणि निम्म्या निवांत दिवसांतल्या हव्यात. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. दोन्हीकडे ‘ह’च जास्त निघाला तर ती तुमची शैली नाही, सवय आहे. समोरचं माणूस कामात मुरलेलं आहे की नवखं, हेही नोंदीपुढे लिहा. डेख, म्हणजे देठ, ठेवून आंबा कसा उतरवायचा हे पहिल्या दिवशी आलेल्या पोराला सांगावंच लागतं, नाहीतर चीक फळावर ओघळून डाग पडतात. पंधरा वर्षं झेला धरणाऱ्याला तेच ऐकवलं तर तो अपमान असतो.

बाकीच्या, थोडक्यात

सोपवणं आणि टाकून देणं यात गल्लत. काय हवं, कधीपर्यंत हवं आणि कुठे अडलं तर परत विचारायचं, या तीन गोष्टी सांगितल्या नसतील तर वहीत ‘सो’ लिहू नका.

‘मी कसा वाटतो?’ असं हाताखालच्याला विचारणं. ‘बरे आहात’ याखेरीज तो काय म्हणणार? ‘मी कोणती गोष्ट थांबवली तर तुमचं काम सोपं होईल?’ हे विचारा, चिठ्ठीवर, नाव न घालता. आणि चिठ्ठी वाचून ‘हे कुणी लिहिलं’ शोधत फिरू नका. एकदा फिरलात की पुढची चिठ्ठी कोरी येते.

‘मी असं का केलं?’ हा प्रश्न. ‘का’ विचारलं की मन वकिली करायला लागतं. ‘मी नेमकं काय बोललो?’ एवढंच लिहा, शक्यतो जसेच्या तसे शब्द.

दहा मिनिटांच्या मोबाइल चाचण्या. करमणूक म्हणून ठीक.

आत्मपरीक्षण म्हणजे प्रायश्चित्त समजणं. दोन पानं स्वतःला शिव्या घातल्या की वही तिसऱ्या दिवशी बंद पडते.

आणि या नोंदी हिशेबाच्या चोपडीत लिहू नका. ती चार माणसं उघडतात, आणि आपण लिहिलेलं वाचलं जाणार हे कळलं की पुढच्या पानापासून सगळे ‘वि’च दिसायला लागतात.