जपानी सुरीला घरच्या घरी दगडावर धार कशी लावायची

सान्तोकू किंवा ग्युतो (स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या जपानी सुऱ्या) नवीन असताना टोमॅटो आपोआप कापला जातो, मग हळूहळू सालीवरून घसरायला लागते. तेव्हा खाली धारवाला आलाय म्हणून त्याच्याकडे नेऊ नका प्लीज. त्याचं चाक विळी-कोयत्याला ठीक आहे, पण जपानी पातं जास्त कडक असतं (पोलादाचा कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर साधारण ६० च्या आसपास किंवा वर) आणि कड एकदम पातळ, ती कोरड्या चाकावर तापली की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. खाचेतून ओढायचे शार्पनर पण नकोत, टवके उडतात.

दगड एकच घ्या, १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). किंग कंपनीचा १०००/६००० असा दोन बाजूंचा मिळतो, तो घरासाठी भरपूर झाला. ४०० च्या खालचे खरखरीत दगड टवके उडालेल्या सुरीसाठी, उगाच घेऊन ठेवू नका. किंगचा १००० वाला दगड पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, दहाएक मिनिटं. शाप्टनचे सिरॅमिक दगड मात्र भिजवायचे नाहीत, वरून पाणी शिंपडलं की झालं.

ओट्यावर ओलं फडकं, त्यावर दगड, म्हणजे सरकत नाही. सुरी दगडावर तिरकी धरा, धार आपल्याकडे, आणि पाठ थोडी उचला. १५ अंश म्हणतात पण ते डोळ्यांनी कसं कळणार, तर पातं ४५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण १२ मिमी वर हवी, म्हणजे करंगळीचं टोक खाली जेमतेम जाईल एवढी. अजून खात्री हवी असेल तर कडेला मार्करने काळं करा आणि दोन-चार वेळा घासून बघा. शाई फक्त वरच्या बाजूला गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेच्या अगदी काठाशी गेली तर फार वर.

डाव्या हाताची बोटं धारेजवळ पात्यावर टेकवा, पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना सोडा. जो काळा चिखल येतो तो धुवू नका, घासण्याचं काम तोच करतो, फक्त कोरडं वाटलं की पाणी शिंपडा. टोकाकडून मुठीकडे थोडं थोडं सरकत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घासताना मोजत बसू नका, कारण वीस वेळा की पन्नास वेळा हे सुरी किती बोथट आहे त्यावर आहे. दुसऱ्या बाजूला बोट पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवा (धारेच्या लांबीत कधीच नाही!), तिथे बारीक खरखरीत काठ लागला पाहिजे. जपानीत त्याला काएरी म्हणतात. तो टोकापासून मुठीपर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही, बहुतेकांची धार इथेच फसते, मधेच कंटाळून उलटवतात आणि मग दगडाला नावं ठेवतात. सलग लागला की उलटवा, आता धार पलीकडे, दाब मागे ओढताना, परत काएरी येईपर्यंत. मग ६००० वर अगदी हलक्या हाताने एक-एक बाजू आलटून पालटून, म्हणजे ती काएरी निघून जाते. शेवटी वर्तमानपत्राचा कागद कापून बघा, जिथे अडकेल तिथे अजून शिल्लक आहे.

यानागिबा, देबा (मासे कापायच्या जपानी सुऱ्या) यांना एकाच बाजूने उतार असतो, तो पूर्ण दगडावर टेकवायचा, आणि मागची बाजू सपाट ठेवून फक्त काएरी काढण्यापुरती. जपानी पटाशी आणि रंध्याचं पातं पण असंच, उतार टेकला की कोन आपोआप मिळतो, उलट सुरीपेक्षा सोपं. फक्त दगड सपाट हवा. मधे खोलगट झाला की पेन्सिलने चौकटी आखा आणि काचेवर वॉटर पेपर ठेवून रेघा जाईपर्यंत घासा.

शिरोगामी, आओगामी (स्टेनलेस नसलेलं जपानी कार्बन पोलाद) पोलादाच्या सुऱ्या धुतल्या की लगेच पुसा, नाहीतर बघता बघता गंज धरतो. आणि दगड सावलीत वाळवा, उन्हात तडकतो.