वर्ग केला, पण उत्तर खोटं निघालं

मे महिन्यातली दुपार, नागपूरचं ऊन, कूलर घरघरतोय आणि भाची वही घेऊन समोर. ‘मामा, दोन उत्तरं आली, पुस्तकात एकच आहे.’ गणित होतं √(क्ष + ७) = क्ष − ५.

मीही दोन्ही बाजूंचा वर्ग केला. क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५, म्हणजे क्ष² − ११क्ष + १८ = ०. उत्तरं ९ आणि २. पायरी एकही चुकलेली नाही! तासभर बेरजा-वजाबाक्याच तपासत बसलो.

शेवटी किमती मूळ समीकरणात घातल्या. ९ घातले: डावीकडे √१६ म्हणजे ४, उजवीकडेही ४. २ घातले: डावीकडे ३, उजवीकडे −३. तिथे उलगडलं. ३ आणि −३ दोघांचाही वर्ग ९ येतो, म्हणून वर्ग करताना चिन्हाचा फरक पुसला जातो आणि नसलेली उकल आत शिरते. √ या चिन्हाची किंमत मात्र कधीच ऋण नसते. पडताळा हा गणिताचाच भाग आहे, हे मला शाळेत कुणी इतकं ठासून सांगायला हवं होतं.

दुसरी चूक भाचीची: √(क्ष + ५) + √क्ष = ५ मध्ये तिने प्रत्येक पदाचा वेगळा वर्ग केला, उत्तर १० आलं. आधी एक मूळ एकटं ठेवायचं: √(क्ष + ५) = ५ − √क्ष. मग वर्ग केला की क्ष + ५ = २५ − १०√क्ष + क्ष, म्हणजे १०√क्ष = २०, आणि क्ष = ४. पडताळा: ३ + २ = ५.